गरजांची शिडी आणि मसूरचे स्टेशन

(पाचगणी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी चळवळीत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे : आधी भाकरी, मग बाकीचे सारे. बैठकीत कुणी मानसन्मानाचा, स्नेहाचा, शिकण्याच्या आनंदाचा विषय काढला की कुणीतरी ज्येष्ठ साथी हे वाक्य उच्चारतो आणि विषय तेथेच मिटतो. या वाक्यामागे कळकळ आहे, यात शंका नाही. उपाशी माणसापुढे तत्त्वज्ञान मांडणाऱ्यांविषयीची चीडही त्यात आहे आणि ती रास्त आहे. परंतु याच वाक्याच्या आडोशाने दुसरेही एक मत चळवळीत रुजत गेले : गरीब माणसाला फक्त पोट असते; मन, अभिमान, जिज्ञासा हे सारे पोट भरल्यानंतर उगवणारे अवयव आहेत. हे मत शब्दांत सहसा कुणी मांडत नाही. कार्यक्रम आखताना मात्र ते हटकून डोकावते.

या मताला मानसशास्त्राचाही आधार आहे असे सांगण्याची प्रथा पडली आहे. तो आधार अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. त्याचे मूळ म्हणणे काय होते आणि सातारा-सांगलीच्या या मुलखाचा अनुभव त्याविषयी काय सांगतो, हे तपासून पाहणे या व्याख्यानाचे प्रयोजन आहे.

मॅस्लोचा जन्म १९०८ साली ब्रुकलिनमध्ये, रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात झाला. त्याच्या उमेदीच्या काळात मानसशास्त्रावर दोन विचारांचे राज्य होते. एक वर्तनवाद : उंदीर पिंजऱ्यात कळ दाबतो, दाणा मिळतो, सवय जडते; माणूसही त्याच नियमाने चालतो. दुसरा फ्रॉइडचा मनोविश्लेषणवाद : मनाच्या तळाशी दडपलेल्या वासना माणसाला फिरवीत असतात. एकाने माणसाचा अभ्यास प्राण्यावरून केला, दुसऱ्याने रुग्णावरून. निरोगी, जाणता, स्वतःच्या बुद्धीने घडत जाणारा माणूस या दोहोंच्याही हिशेबात नव्हता. मॅस्लो, कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या सहविचारकांनी या दोन प्रवाहांहून वेगळा असा तिसरा प्रवाह उभा केला. १९६१ साली त्याचे नियतकालिक निघाले. मानवतावादी मानसशास्त्र हे त्याचे नाव. माणसाच्या ठायी वाढण्याची अंगभूत ओढ असते, परिस्थितीने तिला खुरटवले नाही तर ती फुलते, हा या विचाराचा गाभा होय.

१९४३ साली मॅस्लोने मानवी प्रेरणांविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. माणसाच्या मूलभूत गरजा त्याने पाच गटांत मांडल्या. भूक, तहान, झोप या शरीराच्या गरजा, सुरक्षिततेची गरज, प्रेमाची आणि आपलेपणाची गरज, मानाची, म्हणजे स्वतःच्या व इतरांच्या नजरेत किंमत असण्याची गरज, आणि शेवटी आत्माविष्काराची, आपल्यात जे होण्याची शक्ती आहे ते होण्याची गरज. खालची गरज बऱ्याच अंशी भागली की वरची जागी होते, असे त्याने म्हटले. बऱ्याच अंशी हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. समजुतीसाठी काल्पनिक आकडे देऊन तो म्हणतो, की सामान्य माणसाच्या शरीराच्या गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, मानाची ४० आणि आत्माविष्काराची १० टक्के भागलेली असेल. म्हणजे पाचही गरजा एकाच वेळी, कमी-अधिक प्रमाणात, माणसात नांदत असतात. हा क्रम पोलादी नाही आणि ध्येयासाठी सर्वस्व सोडणारी माणसे त्याला अपवाद आहेत, हेही त्याने त्याच निबंधात नोंदविले. आणखी एक गोष्ट त्यात आहे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. बोलण्याचे स्वातंत्र्य, शोध घेण्याचे स्वातंत्र्य, न्याय आणि सचोटी या गोष्टी मूलभूत गरजा भागण्याच्या पूर्वअटी आहेत, असे तो सांगतो. म्हणजे स्वातंत्र्य हे शिडीच्या शेंड्यावर नाही. शिडी ज्या जमिनीवर उभी राहते, ती जमीन म्हणजे स्वातंत्र्य.

पुढे या मांडणीचा त्रिकोण झाला. हा त्रिकोण मॅस्लोने स्वतः काढलेला नाही. तो १९६० च्या सुमारास व्यवस्थापनशास्त्राच्या वर्तुळात तयार झाला आणि तेथून पाठ्यपुस्तकांत शिरला. कामगाराकडून अधिक काम कसे घ्यावे याची चिंता ज्यांना होती, त्यांच्या हातांत या विचाराची पायऱ्यापायऱ्यांची आकृती व्हावी हे साहजिकच आहे. पायऱ्या झाल्या की चढणारे आणि खाली थांबणारे असे दोन वर्ग आपोआप पडतात. खालच्याला पगार आणि विमा दिला की भागले, वरच्याला मान आणि जबाबदारी द्यावी. जातिव्यवस्थेत वाढलेल्या वाचकाला ही उतरंड काही परकी वाटत नाही.

हा विचार पाचगणीत मांडण्याला औचित्य आहे. कृष्णेच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या या टेकड्या गेली शंभर-सव्वाशे वर्षे माणूस घडविण्याच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहेत. इंग्रजांच्या काळापासून येथे निवासी शाळा निघाल्या. १९२२ सालचे संजीवन विद्यालय, १९४५ सालचे न्यू एरा स्कूल अशी भर पुढेही पडत गेली. या शाळांच्या माहितीपत्रकांत सर्वांगीण विकास हा शब्द असतो आणि तो अगदीच पोकळ नसतो. मोकळी हवा, खेळ, संगीत, लक्ष देणारे शिक्षक हे सारे तेथील मुलांना मिळते. त्याच टेकड्यांच्या उतारावर स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या बाया आणि हॉटेलांतून भांडी घासणारी पोरे यांची मुले ज्या शाळांत जातात, त्या शाळांच्या बाबतीत मात्र चर्चा दुपारच्या खिचडीपाशी संपते. खिचडी हवीच, तिच्यावाचून पोर शाळेत टिकत नाही. पण एकाच डोंगरावर एका मुलाचा विकास आणि दुसऱ्याचे पोषण, असे दोन शब्द वापरले जावेत आणि ते कुणाला खटकूही नये, याचा अर्थ शिडी मनात पक्की बसली आहे.

आता याच जिल्ह्यातली एक जुनी हकीगत. १९०१ साली खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तलाव खोदीत होते. त्या कामावर रामजी सकपाळ खजिनदार होते. त्यांची मुले साताऱ्यात होती. सुटीत त्यांनी मुलांना आपल्याकडे बोलाविले. मुलांनी नवे कपडे शिवून घेतले, टोप्या घातल्या, बरोबर फराळाचा डबा घेतला, पैसे घेतले आणि आगगाडीने ती मसूरच्या स्टेशनावर उतरली. निरोपाची चुकामूक होऊन न्यायला कुणीच आले नव्हते. स्टेशनमास्तरने पोशाखावरून ती ब्राह्मणांची मुले समजून चौकशी केली. महार आहोत असे कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि तो बाजूने चालेल. वाटेत ओढ्याकाठी डबा उघडला, पण ओढ्याचे पाणी चिखल आणि शेणामुताने भरलेले होते. रात्री जकातनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. डब्यात अन्न असूनही पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना आणि मुले उपाशीच निजली. त्यांतला एक मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याचे नाव भीमराव. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या आत्मकथनात डॉ. आंबेडकरांनी ही हकीगत स्वतः लिहून ठेवली आहे.

मॅस्लोच्या शिडीवरून या प्रसंगाचा विचार करावा. मुलांच्या अंगावर कपडे होते, खिशात पैसे होते, डब्यात जेवण होते. त्रिकोणाच्या तळाची पायरी बांधून तयार होती. तरीही त्या रात्री ती मुले उपाशी राहिली. आणि उपाशी राहिली ती चौथ्या पायरीवरच्या कारणाने. समाजाने त्यांना माणूस मानले नाही म्हणून पाणी मिळाले नाही, पाणी नाही म्हणून अन्न गेले नाही. येथे खालची गरज वरच्या गरजेच्या दारात अडकून पडली आहे. हा अपवाद समजणे चूक ठरेल. भारतीय समाजातला कोट्यवधी माणसांचा हजारो वर्षांचा नित्याचा अनुभव हाच आहे. येथे भाकरी आणि प्रतिष्ठा या दोन पायऱ्या कधीच नव्हत्या. कोणत्या विहिरीवर जायचे, कुणाच्या पंगतीला बसायचे, उरलेले अन्न कुणाच्या पदरात टाकायचे, हे सारे भाकरी आणि प्रतिष्ठा यांचा एकत्र हिशेब ठेवणारे नियम आहेत. घाटापलीकडे महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले ते पाण्यावाचून प्राण जात होते म्हणून नव्हे, हे बाबासाहेबांनी त्याच वर्षी स्वच्छ सांगितले होते. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी ते पाणी होते. ओंजळ मात्र पाण्याचीच होती. तहान आणि मान यांची फारकत त्या तळ्यावर करता येत नाही.

या अनुभवाला विधायक उत्तर शोधणारा माणूसही याच जिल्ह्याने पाहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली ती साताऱ्यास आली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. भाऊरावांनी मॅस्लो वाचला असण्याचा प्रश्नच नव्हता. तो निबंध यायला अजून सोळा वर्षे होती. भाऊरावांपुढे होती ती खेड्यातून पायी आलेली, अंगावर धड कपडा नसलेली पोरे. अशा पोरांसाठी दोन मार्ग रूढ होते. एक सदावर्ताचा : श्रीमंतांकडून देणग्या आणाव्यात आणि मुलांना जेवू घालावे. दुसरा वारांचा : मुलाने आठवड्याचे सात वार सात घरी जेवून शिकावे; अर्थात हा मार्ग वरच्या जातीच्या मुलालाच खुला होता. भाऊरावांनी दोन्ही सोडले. बोर्डिंगातला मुलगा शेतात राबेल, खडी फोडील, पाणी भरील, आळीपाळीने सर्वांचा स्वयंपाक करील आणि सर्वांबरोबर एका पंगतीत जेवेल. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद ठरले. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षणापर्यंत पोचली.

या व्यवस्थेत नेमके काय घडत होते? ताटात भाकरी पडत होती, ती शरीराची गरज. ती कुणाच्या मेहेरबानीची नव्हती, हा स्वाभिमान. शेजारी मांग, मराठा, जैन, मुसलमान मुलगा बसला होता, हे आपलेपण. ज्या हाताचे पाणी गावात कुणी प्याले नसते, त्या हाताने केलेली भाजी सर्वांनी खाल्ली होती. ही तर गावाने नाकारलेली माणूसकी परत मिळणे होते. आणि पुन्हा संध्याकाळी पुस्तक होते. पाचही गरजा एका दिवसात, एका स्वयंपाकघराभोवती भागत होत्या. त्यांचा क्रम लावू पाहणाऱ्याला तो लावता आला नसता. भाकरी मिळाली एवढ्याने माणूस वाढत नाही. ती कशी मिळाली, कुणी कुणाला वाढली आणि वाढताना हात वर होता की बरोबरीने होता, यावर त्याची वाढ ठरते. अन्नछत्रात पोट भरते आणि मान खाली जाते. बोर्डिंगात तीच भाकरी मान वर करते.

येथे एक शंका घेतली जाईल, आणि घेतली पाहिजे. श्रीमंताचा मुलगा फक्त शिकतो आणि गरिबाच्या मुलाने राबून शिकायचे, हा कुठला न्याय? स्वावलंबनाच्या नावाखाली राज्यसंस्था आपली जबाबदारी झटकून टाकील, ही भीती निराधार नाही. नंतरच्या काळात ती पुष्कळदा खरी ठरली आहे. भाऊरावांची पद्धत सरकारने शिक्षण मोफत न देण्याचे समर्थन म्हणून वापरणे ही तिची विटंबना होय. तिच्यातला जपण्याजोगा भाग दारिद्र्याचा नाही. श्रम करणारा हात हलका नाही आणि वाढप्याची भूमिका सर्वांची आहे, हा तो भाग आहे. पाचगणीच्या महागड्या शाळांतही तो लागू करता येईल, किंबहुना तेथे त्याची अधिक गरज आहे.

दुष्काळी कामांचीही कथा अशीच आहे. गोरेगावच्या तलावावर १९०१ साली माती वाहणारी माणसे सरकारच्या कृपेने जगत होती. माणसे मरू नयेत एवढाच त्या कामांचा उद्देश असे. पुढे १९७० ते १९७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर राबणाऱ्यांची संख्या सुमारे ५० लाखांच्या घरात गेली. या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली. तिची कल्पना वि. स. पागे यांची, सांगली जिल्ह्यातल्या माणसाची. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता, कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि मुलांसाठी पाळणाघर. खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसायकर बसला. खडी तीच, घमेले तेच, उन्हाचा ताव तोच. पण बाईच्या तोंडचा शब्द बदलला. काम द्या हो, या विनवणीच्या जागी कायद्याने काम मागण्याचा अधिकार आला. ज्या मजुरणीला तलाठ्यापुढे उभे राहण्याचे धैर्य नव्हते, तिने मोर्चात येऊन मस्टरवरच्या नावाचा आणि मोजमापाचा हिशेब मागितला. योजनेतली मजुरी तुटपुंजी होती, मुकादमांचे गैरव्यवहार होते, पगार महिनोन्‌महिने रखडत. हे सारे मान्य करूनही, मजुरीत जे पैसे मिळाले त्याहून थोडे अधिक या हक्काने दिले, हे नाकारता येत नाही. पुढे २००५ साली देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला त्यामागे हाच महाराष्ट्राचा अनुभव होता.

त्याही पुढची पायरी, पायरी हा शब्द आता जपून वापरायला हवा, सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात दिसली. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि दुष्काळी कामांवरचे मजूर यांच्यातून, डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने, मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. या मजुरांनी प्रश्न विचारला : वर्षानुवर्षे खडी फोडून दुष्काळ हटत नाही, मग आम्ही खडी का फोडतो? पाऊस किती पडतो, येरळा नदी का आटली, उसाला किती पाणी जाते, याचा त्यांनी विज्ञान चळवळीतल्या मंडळींच्या साह्याने अभ्यास केला. नदीतली मर्यादित वाळू विकून पैसा उभा केला आणि बळीराजा स्मृती धरण बांधायला घेतले. पाणी जमिनीच्या मालकीवर न वाटता माणसांवर वाटायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा द्यायचा, असे ठरले. मजुरी मागणाऱ्या माणसांना पावसाचे गणित कशाला हवे, असे त्रिकोणवाल्या पंडिताने विचारले असते. पण जाणून घेण्याची आणि समजण्याची ओढ हीही मॅस्लोच्या १९४३ च्या निबंधात मानवी गरज म्हणून नमूद आहे. त्रिकोण काढणाऱ्यांनी ती बहुधा गाळली. उपाशी माणसाला सर्वांत आधी पडणारा प्रश्न आपण उपाशी का, हाच असतो. त्याचे उत्तर शोधण्याची संधी त्याला मिळत नाही, इतकेच.

याच मुलखाचा त्याआधीचा इतिहासही हेच सांगतो. सातारा जिल्हा तेव्हा अखंड होता. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे सांगली असे नाव झाले. १९४३ ते १९४६ या काळात युद्धामुळे धान्य महाग, कपडा दुर्मीळ, पोलिसांचा ससेमिरा. सुरक्षिततेची पायरी पार निखळलेली. त्याच काळात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली येथे प्रतिसरकार चालले. खेड्यांत न्यायनिवाडे झाले, सावकारीला आळा बसला, कमी खर्चात लग्ने लागली. भूमिगतांना भाकरी पोचविणाऱ्या बायकांच्या घरात भाकऱ्यांचा सुकाळ होता असे मुळीच नाही.

पाचगणीत व्यक्तिविकासाचा आणखी एक मार्ग गेली अनेक दशके शिकविला जातो, त्याचाही विचार येथे करणे योग्य ठरेल. १९६८ च्या सुमारास नैतिक पुनरुत्थान चळवळीने, म्हणजे मॉरल रिआर्मामेंटने, येथे आशिया प्लॅटो हे केंद्र उभारले. राजमोहन गांधी त्याच्या उभारणीत अग्रभागी होते. २००१ पासून ही चळवळ इनिशिएटिव्हज ऑफ चेंज या नावाने ओळखली जाते. जग बदलायचे तर आरंभ स्वतःपासून करावा, रोज काही वेळ शांत बसून अंतर्मनाचा आवाज ऐकावा, ही तिची शिकवण. उद्योगांतले व्यवस्थापक आणि कामगार येथील शिबिरांना एकत्र येतात. समाजवाद्यांनी या चळवळीकडे नेहमी संशयाने पाहिले. शीतयुद्धाच्या काळात तिचा रोख साम्यवादाविरुद्ध होता आणि कामगारांना लढ्यापासून दूर नेण्याचा धोका त्यात होता. तो संशय सर्वस्वी अस्थानी नव्हता. मालकाने कामगाराजवळ मन मोकळे केले आणि वेतनश्रेणी मात्र तशीच राहिली, तर मोकळे झाले ते मालकाचेच मन. परंतु चळवळींनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा. माणसाने अंतर्मुख व्हावे, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, आपल्या वागण्याचा झाडा घ्यावा, याची सोय पक्षाच्या किती शिबिरांत असते? रॉजर्सने ऐकण्याच्या कलेवर आयुष्य घालविले. समोरच्याचे म्हणणे कोणतीही अट न घालता समजून घेतले तर त्याच्यातली वाढ आपोआप सुरू होते, असे त्याला आढळले. समाजवादी बैठकांत मात्र पुढच्या वक्त्याचे लक्ष आपल्या भाषणाच्या मुद्द्यांवर असते, मागच्याच्या बोलण्यावर नव्हे. फुटींचा इतिहास पाहता त्याची किंमत पुरेपूर मोजून झाली आहे.

एरिक फ्रॉम या विचारवंताने हा दुवा सांधण्याचा प्रयत्न केला. तो मनोविश्लेषक होता आणि समाजवादीही होता. १९५५ साली त्याने निकोप समाजावर ग्रंथ लिहिला. माणसाच्या नात्यांच्या, मुळांच्या, ओळखीच्या गरजा ज्या समाजात भागत नाहीत तो समाजच आजारी आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. मॅस्लोने बहुतांशी व्यक्तीकडे पाहिले. आत्माविष्कार साधलेली त्याची बहुतेक उदाहरणे नामांकित आणि पाश्चात्त्य होती, आणि असे प्रौढ शंभरात एकही नसावेत असा त्याचा अंदाज होता. पण त्यालाही एकदा वेगळे दर्शन घडले होते. १९३८ च्या उन्हाळ्यात तो कॅनडातल्या ब्लॅकफूट आदिवासींत काही आठवडे राहिला. तेथे मोठेपण साठविणाऱ्याला नव्हते, वाटून टाकणाऱ्याला होते. आणि त्यांच्यातील बहुसंख्य माणसे अमेरिकन समाजातील मोजक्यांइतकी मनाने सुरक्षित आहेत, असे त्याला दिसले. हा धागा त्याने नेटाने पुढे नेला असता, तर शिडीऐवजी कदाचित पंगतीची उपमा त्याला सुचली असती. त्याची मांडणी समाजवाद्यांनी टाकून देण्याचे कारण नाही. ती उलट्या टोकाने वाचायला हवी, एवढेच.

या वाचनाचे काही परिणाम कार्यकर्त्यांच्या रोजच्या कामावर होतात. रेशनच्या रांगेवर मोर्चा नेताना धान्याच्या कोट्याबरोबर, दुकानदार कार्डधारकाशी कोणत्या भाषेत बोलतो हीही मागणी ठरते. ऊसतोड मजुरांच्या तळावर पाण्याचा टँकर मागायचा, तर त्या टँकरवर आधी कुणाचा हंडा लागतो हे पाहावे लागते. धरणग्रस्ताला मोबदला किती, या प्रश्नाला जोडून त्याचे गाव, त्याचे दैवत, त्याची सोयरीक नव्या वसाहतीत कशी जगणार, हा प्रश्न येतो. कोयनेच्या विस्थापितांनी तो साठ वर्षांहून अधिक काळ विचारला आहे. आणि पक्षाचा पूर्णवेळ कार्यकर्ताही माणूस असतो. त्याला मानधन वेळेवर मिळत नाही, आजारात कुणी विचारपूस करीत नाही, त्याने काही वाचावे-लिहावे अशी सवड नसते, आणि त्याच्याकडून मात्र शोषितांच्या सर्वांगीण मुक्तीची अपेक्षा केली जाते. त्याग हा त्याचा व्यवसायधर्म समजला जातो. त्यागाची ही कल्पना तपासली पाहिजे.

तपासताना पुन्हा साताऱ्याच्या बोर्डिंगाकडे जावे लागते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ वळणाच्या जैन घरातून आलेल्या. सर्व जातींच्या पोरांना त्यांनी आपल्या घरात घेतले. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही विकले. १९३० साली त्या गेल्या. मंगळसूत्राची ही गोष्ट महाराष्ट्रातल्या हजारो शाळांत सांगितली जाते आणि ती सांगताना ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. पण लक्ष्मीबाईंना काय वाचायला आवडले असते, सोवळ्याओवळ्यातून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मनात कोणती उलथापालथ झाली, त्या स्वतः शिकू इच्छीत होत्या का, याची नोंद या गोष्टीत कुठेच आढळत नाही. त्यांनी काय दिले ते सर्वांना ठाऊक आहे. आजच्या शिबिराच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणाऱ्या भगिनींपैकी किती जणींना या सभागृहात बसण्याचे आमंत्रण होते, हे संयोजकांनी दुपारच्या सत्राआधी पाहावे, आणि दुपारचे वाढप कुणी करायचे तेही तेव्हाच ठरवावे.